जुन्या वॅगनआरला कमी खर्चात मॅट फिनिश: दहा महिने वापरल्यावरचा अनुभव (नागपूर)

गाडी २००८ ची वॅगनआर, ग्रे मेटॅलिक, बाबांनी घेतलेली. १५ वर्षं झाल्यावर पासिंग करून रजिस्ट्रेशन ५ वर्षांनी वाढवून घेतलं, इंजिन ठणठणीत आहे, एसी चालतो, त्यामुळे विकायचा विषयच नाही. पण रंगाची पार वाट लागली होती. छतावरचा अन् बोनेटवरचा क्लिअर कोट पापुद्र्यासारखा सुटत होता, कडेला नख लावलं की बोटभर तुकडा हातात यायचा आणि खाली राख फासल्यासारखा पांढुरका रंग. आमच्या मानेवाड्यात गाडी घरासमोर उघड्यावरच असते, आणि मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो. मेटॅलिक रंगात खालच्या बेस कोटला स्वतःची चमक नसते, चमक आणि उन्हापासून बचाव ही दोन्ही कामं वरच्या पारदर्शक थराची, तो थर गेला की पॉलिशने काही होत नाही. मी दोनदा पॉलिश करून पाहिलं, दोन्ही वेळा पहिल्या पावसात जैसे थे.

फुल बॉडी ग्लॉसी पेंटचे ३० हजार सांगितले, व्हिनाइल रॅपचे (रंगाऐवजी चिकटवायची फिल्म) ४५. रॅपवाल्यानेच स्पष्ट सांगितलं की सुटलेल्या क्लिअरवर फिल्म धरणार नाही, आधी घासून प्रायमर मारावाच लागेल, म्हणजे खर्च डबल. मग मॅटचा विचार केला. कारण असं की गाडीच्या दोन्ही बाजूंना जुने पोचे काढल्याच्या लाटा होत्या, ग्लॉसी रंगात दारावर विजेच्या खांबाचं प्रतिबिंब वाकडं दिसलं की त्या लाटा लगेच कळतात, मॅटमध्ये प्रतिबिंबच नसतं, उजेड सगळीकडे पसरतो. जुन्या गाडीला मॅट का शोभतं ते माझ्या मते एवढंच आहे. काळा करायचा मोह झाला होता, पण रंग आरसीवर लिहिलेला असतो, बदलला की आरटीओत नोंद करा, म्हणून ग्रे तो ग्रेच ठेवला.

आमच्या ओळखीचे एक पेंटर भाऊ आहेत, घरगुती कामं करतात, कॉम्प्रेसर अन् गन त्यांचीच. घासायचं काम मी करायचं, गन ते चालवतील, असं ठरलं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "भाऊ, खालचं टपरं सुटलेलं राहिलं ना, तर वरचा रंगबी त्याच्यासंगच निघते." डिसेंबरचे तीन रविवार मी फक्त घासण्यात घालवले. सुटलेल्या क्लिअरच्या कडा १८० नंबरच्या सँडपेपरने (नंबर वाढला की पेपर बारीक), मग ३२०, मग वॉटर पेपर ६००, आणि डोळे मिटून बोट फिरवल्यावर कड लागत असेल तर परत ३२० वर. ही बोटाची परीक्षा सोडू नका, डोळ्याला दिसत नाही ती पायरी बोटाला बरोबर लागते, अन् रंग मारल्यावर तिथे नकाशासारखी रेघ उमटते. माझी एक राहिलीच, छताच्या डाव्या कोपऱ्यात, सकाळी तिरपं ऊन पडलं की अजूनही दिसते.

मटेरिअलमध्ये टू-के पीयू (दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग) घेतलं, म्हणजे मारायच्या आधी त्यात हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं द्रव्य, मिसळायचं. मॅट क्लिअरमध्ये चमक घालवणारी पावडर असते, ती तळाशी बसते, म्हणून डबा चांगला पाच मिनिटं ढवळला पाहिजे, नाहीतर अर्धी गाडी मॅट अन् अर्धी सेमी ग्लॉस. दोन हात मारले, पहिला हात पूर्ण निस्तेज होईपर्यंत थांबून मगच दुसरा, आणि गनचा पट्टा प्रत्येक वेळी सारखाच ओव्हरलॅप, कारण मॅटमध्ये पट्टे राहिले तर घासून-पॉलिश करून काढता येत नाहीत, पूर्ण पॅनल परत मारावं लागतं. दोघांनीही कार्ट्रिजवाला मास्क घातला. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, श्वासातून गेलं तर दमा लागू शकतो, त्यामुळे रुमाल बांधून हे काम कोणीही करू नका, पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा. हिशोब असा: मजुरी ५,०००, रंग-क्लिअर-हार्डनर-थिनर ५,८००, लांबी (पुट्टी)-प्रायमर-पेपर-टेप १,४००, मास्क ७००. एकूण १२,९००.

आता वापराचं.

पहिले तीन महिने गाडी बघून बाबाच जास्त खूश, येणारा-जाणारा विचारायचा कोणती नवी घेतली. धुळवडीला पोरांनी ओल्या गुलाबी रंगाचे हात मागच्या डिकीवर मारले, ग्लॉसीवरून तो रंग निघून जातो, मॅटच्या बारीक खडबडीत तो बसतो. शाम्पूने तीनदा धुतलं, चार बोटांचा फिका ठसा आजही आहे.

एप्रिल-मे मध्ये खरी परीक्षा. पक्ष्यांची शिट उन्हात तासाभरात वाळते, सकाळी पडलेली संध्याकाळपर्यंत राहिली तर खाली डाग पक्का. मी आता डिकीत पाण्याची बाटली अन् मायक्रोफायबर ठेवतो, आधी ओलं करून भिजू देतो, मग टिपतो. घासलं की तेवढी जागा गुळगुळीत होऊन चमकायला लागते. बोनेटवर रुपयाएवढा एक चमकता ठिपका असाच झालाय, आणि सर्व्हिसिंगला दिली तेव्हा धुणाऱ्याने प्रेमाने डॅशबोर्ड पॉलिश फेंडरवर पुसलं, तो तेलकट पट्टा घालवायला दोन आठवडे गेले. गाडी धुवायला द्याल तर समोर उभे राहा, ना व्हॅक्स, ना पॉलिश, ना ब्रशवाली मशीन.

पेट्रोलच्या झाकणाची गोष्ट वेगळी सांगतो कारण त्यातून मला फरक कळला. क्लिअर कमी पडलं म्हणून ते झाकण बाजारातल्या तयार स्प्रे कॅनने मारलं होतं, हार्डनर नसलेल्या. जून महिन्यात पंपावर नोझलमधून थेंब ओघळला, पोराने लगेच फडका मारला, तरी झाकणावरचा थर चिकट होऊन फडक्याला लागला. तोच ओघळ खालच्या टू-के पॅनलवरही गेला होता, तिथे काहीच नाही. कॅनने पूर्ण गाडी करायच्या विचारात असाल तर हे लक्षात ठेवा, आरसे अन् व्हील कॅपपुरतं कॅन ठीक.

पावसाळ्यात कुठेही फुगा आला नाही, पापुद्रा सुटला नाही. सिमेंट रोडच्या कामाची धूळ मात्र ग्रे मॅटवर छान लपते, आठवडाभर न धुता चालतं.

काहून एवढी मेहनत, असं माझा मेव्हणा विचारतो. त्याला ३० हजारांचं ग्लॉसी बरं वाटतं आणि ज्याला दर रविवारी गाडीवर अर्धा तास द्यायचा नाही त्याच्यासाठी त्याचं म्हणणं बरोबरच आहे. मला स्वतःला पैसे वसूल वाटतात, दारं आणि, तो गुलाबी ठसा सोडला तर, मागची बाजू अजून पहिल्या दिवसासारखी आहे. छत थोडं फिकट पडून राहिलंय, हात लावला तरी कळत नाही, पण दाराशेजारी बघितलं की कळतं.

दिवाळीनंतर थंडी पडली की बोनेट आणि झाकण एवढंच परत मारणार, पूर्ण बोनेट, ठिपक्यापुरतं नाही. मागच्या वेळचं उरलेलं हार्डनर डब्यातच घट्ट झालंय, हवेतला ओलावा लागला की ते टिकत नाही, त्यामुळे यावेळी सगळ्यात छोटा पॅक घेईन.