हॉलर पार्क, मोम्बासा : ओवेन आणि म्झेची जागा (५ पैकी ५)

केनियात मोम्बासाला जाताय आणि नुसता बीच करून परत येणार असाल तर प्लीज एक सकाळ काढा, मालिंदी रोडवर बांबुरीला हॉलर पार्क आहे तिथे जाऊन या. आम्ही गेलो ते ओवेन आणि म्झे जिथे राहिले ती जागा बघायला, माझ्या लेकीला त्यांची गोष्ट तोंडपाठ आहे.

माहीत नसेल तर सांगते. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा मालिंदीजवळ एक पाणघोड्याचं पिल्लू, हाच ओवेन, कळपापासून तुटून समुद्रात अडकलं, गावातल्या लोकांनी मासेमारीच्या जाळ्यांनी त्याला कसंबसं बाहेर काढलं आणि गाडीत घालून इथे आणलं. वर्षाचंच असेल पण वजन अडीचशे किलोच्या वर! इथे सोडल्या सोडल्या ते पळत सुटलं ते थेट एका अल्डाब्रा जातीच्या महाकाय कासवाच्या मागे जाऊन लपलं. हाच म्झे, वय अंदाजे १३० वर्षं. स्वाहिलीत म्झे म्हणजे म्हातारा पण मानाने, आपल्याकडे आबा म्हणतात ना तसं. आबा आधी फुसफुसले, लांब सरकले, पण पोरगं पाठ सोडेना आणि काही दिवसांतच दोघं शेजारी झोपायला, चरायला, पाण्यात डुंबायला लागले. काय खायचं हे शिकवायला आई नव्हती, ते पण आबांचं बघूनच शिकलं. ओवेनने पायाला हळूच ढुशी दिली की म्झे चालायला लागायचा, हे मला सगळ्यात भारी वाटतं. पुढे ओवेन इतका वाढला की आबांना चुकून लागेल म्हणून त्याला क्लिओ नावाच्या पाणघोडीची सोबत दिली, वाईट वाटतं पण बरोबरच केलं.

आणि पार्क म्हणाल तर ही आधी सिमेंटसाठी चुनखडी काढून उघडी टाकलेली खाण होती, सिमेंट कंपनीतल्या रेने हॉलर यांनी १९७१ पासून इथे सुरूची झाडं लावली, आपल्या कोकणात किनाऱ्यावर असतात तीच. सुरूच्या काड्या लवकर कुजत नाहीत म्हणून पैसा किडे आणून सोडले, त्यांनी त्या खाऊन खाऊन माती केली. आता गर्द सावली आहे.

जिराफांना हाताने खायला घालता येतं, मुलं खूश होतात. पण मोठी कासवं वाटेवर मोकळी फिरतात तिथे थांबाच. लेकीने एकाची मान चोळली तर त्याने पाय ताठ करून मान अशी लांब केली, ती तिथून हलायलाच तयार नव्हती.