घरचं ताक की प्रोबायोटिक कॅप्सूल?
सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी आईचं विरजण वर्षानुवर्षं चालत आलंय, त्यामुळे माझा कल ताकाकडे. पण प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूलचं काम वेगळं. तिच्या पाकिटावर जिवाणूचं नाव आणि संख्या छापलेली असते. विरजणात नेमकं कोण आहे, हे सांगता येत नाही. आणि परिणाम तर जिवाणूच्या वाणागणिक (एकाच प्रजातीतल्या उपप्रकारागणिक) बदलतो! काही वाण आतड्याच्या अस्तराखालच्या डेंड्रायटिक पेशींना (प्रतिकारयंत्रणेच्या पहारेकऱ्यांना) संकेत देतात. त्यातून आयजीए प्रतिपिंडं (आतड्यात जंतूंना अडवणारी प्रथिनं) वाढू शकतात, दाह आवरणाऱ्या टी-पेशींना (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींना) बळ मिळू शकतं. अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांवर डॉक्टर ठरावीक वाणच देतात. तिथे ताकावर विसंबू नका. रोजच्या जेवणात मात्र ताकच (कढी नव्हे, उकळल्यावर जिवाणू मरतात). प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांनी कॅप्सूल स्वतःहून मुळीच घेऊ नये.