शेलवायू आणि कोळसाथरातील मिथेन: काढणे अधिक अवघड कोणते?

नाशिकच्या पायाखालील बेसाल्टमध्ये या दोन्ही वायूंचे साठे नसतात; तरीही स्वयंपाकघरात नळाने वायू घेणाऱ्या आणि येवला-सिन्नरकडची पाणीटंचाई जवळून पाहणाऱ्या आपण ही तुलना समजून घ्यायला हवी, असे मला मनापासून वाटते.

शेल हा चिखलाच्या बारीक कणांपासून बनलेला खडक इतका घट्ट असतो की, त्यात वायू असूनही तो आपोआप वाहत नाही. म्हणून बहुधा दोन-तीन किलोमीटर खोल गेल्यावर विहीर आडवी वळवावी लागते आणि वाळू व रसायने मिसळलेले पाणी प्रचंड दाबाने, टप्प्याटप्प्याने सोडून खडकात भेगा पाडाव्या लागतात. दाब ओसरल्यावर त्या मिटू नयेत, हे काम वाळूचे कण करतात. आपल्याकडे आटलेल्या बोअरवेलमध्ये पाण्याचा दाब देऊन भेगा मोकळ्या करतात, त्याचेच हे कितीतरी उग्र रूप होय. एका विहिरीला एक कोटी लिटरहून अधिक पाणी लागू शकते, परत येणारे खारट पाणी शुद्ध करणे खर्चिक असते, आणि उत्पादन अनेकदा पहिल्याच वर्षात निम्म्याहून खाली येते.

पश्चिम बंगालमधील राणीगंज आणि मध्य प्रदेशातील सोहागपूर येथे निघणारा कोळसाथरातील मिथेन तुलनेने उथळ असतो. तो कोळशाला चिकटलेला असल्याने आधी थरातील पाणी उपसून दाब उतरवावा लागतो, आणि ओघ वाढायला महिने लागतात. भेगा येथेही पाडतात, पण लहान प्रमाणावर.

एकूण पाहता शेलवायू काढणे अधिक अवघड, आणि पाण्याचा विचार करताही माझा कौल कोळसाथरातील मिथेनला आहे. मात्र उपसलेल्या पाण्याची विल्हेवाट आणि भोवतालच्या विहिरींची पातळी यांवर पहिल्या दिवसापासून देखरेख असली पाहिजे.