विटमान की कारियुस, अधिकारी म्हणून सरस कोण?

दोघेही दुसऱ्या महायुद्धात टायगर रणगाड्यांवरचे जर्मन अधिकारी. पदकांत मिखाएल विटमान पुढे: जानेवारी १९४४ मध्ये नाइट्स क्रॉस हे जर्मन शौर्यपदक, त्याच महिन्यात त्याची वरची पायरी म्हणजे ओकची पानं, आणि १३ जूनच्या नॉर्मंडीतल्या (फ्रान्स) व्हिलेर-बोकाज गावातल्या धडकेनंतर त्याहूनही वरच्या तलवारी. पण तो वाफेन-एसएसचा, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाचा, नाझी प्रचाराचा लाडका. तेव्हा त्याच्या कीर्तीतला काही भाग प्रचाराचाच धरावा लागतो. ८ ऑगस्टला तो नॉर्मंडीतच मारला गेला.

ओटो कारियुस नियमित लष्कराच्या ५०२ व्या जड रणगाडा बटालियनचा. २२ जुलै १९४४ ला लॅटव्हियातल्या, सोव्हिएत रणगाडे शिरलेल्या मालिनावा गावाची त्याने आधी पाहणी केली, मग दोनच टायगर आत घातले. पाचच दिवसांनी ओकची पानं मिळाली, तलवारी कधीच नाहीत. तरी अधिकारी म्हणून मला हाच सरस वाटतो. युद्धानंतर त्याने औषधांचं दुकान काढलं. २०१५ मध्ये वारला.