ड्रायव्हरसाठीचं डेटा ॲप, बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधी एक क्लिअर करतो, हे ट्रिप देणारं ॲप नाही. उबर-ओलासारख्या कंपनीचं ॲप चालू असताना हे मागे चालू राहतं, जीपीएसवरून गाडी कुठे किती फिरली ते नोंदवतं, मोबाईलच्या सेन्सरवरून जोरात ब्रेक नि झटक्यात वळण पकडतं, आणि आठवड्याचं पेमेंट स्टेटमेंट आपण टाकलं की सगळा हिशोब जोडून समोर ठेवतं.

माझ्यासाठी ह्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तासाची खरी कमाई कळते. कंपनीच्या ॲपमध्ये ट्रिपची रक्कम ठळक दिसते, पण पिकअपपर्यंत रिकामी पळवलेली गाडी, ड्रॉपनंतर परतीचे किलोमीटर, कडेला थांबून घालवलेला वेळ, ह्याचा हिशोब कोण ठेवतो, इंधन नि टायर तर तेव्हाही आपलेच झिजतात. हे ॲप घरातून निघाल्यापासून घरी परत येईपर्यंतचे सगळे तास धरतं आणि खर्च वजा करून भागाकार करतं. लांबचं भाडं दिसायला मोठं असतं पण परत रिकामं यावं लागलं की दोन-तीन छोट्या ट्रिप त्याला मागे टाकतात, हे आकड्यात दिसलं की निर्णय सोपा होतो. आणि थांबणं हे सुद्धा कामच आहे, ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये उबरच्या केसमध्ये हेच धरलं, की ड्रायव्हर लॉगिन करून आपल्या एरियात ट्रिप घ्यायला तयार असेल तर तो वेळ कामाचा.

लाइव्ह हीटमॅपवर, म्हणजे आत्ता कुठे जास्त मागणी आहे ते रंगाने दाखवणाऱ्या मॅपवर, माझा फार भरवसा नाही, लाल दिसणाऱ्या जागी आपण पोचेपर्यंत बाकीचे पण पोचलेले असतात. त्यापेक्षा स्वतःचा जुना डेटा, कुठल्या वारी कुठल्या वेळेला कुठे थांबलं की लवकर ट्रिप लागते, तो जास्त कामाचा. अमेरिकेतल्या दहा लाखांहून जास्त उबर ड्रायव्हरांच्या डेटावर २०१८ मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात अडीच हजारांवर ट्रिप केलेला ड्रायव्हर शंभरच्या आतल्या नवख्यापेक्षा तासाला १४ टक्के जास्त कमावतो असं निघालं. कुठे नि कधी गाडी चालवायची हे अनुभवाने कळत जातं, आणि नवीन माणसाला ते लवकर कळायला असा डेटा नक्की मदत करतो.

आता सेफ्टी, ह्याच्यावर मला जरा जास्त लिहायचंय. एका सेकंदात स्पीड ताशी साधारण ११ किमीने खाली आला की हे ॲप हार्ड ब्रेक धरतं आणि मॅपवर ठिपका टाकतं. माझे ठिपके मॅपवर विखुरलेले दिसत होते म्हणून वेळेप्रमाणे लावून बघितले तर बरेचसे ड्रॉपच्या अगदी आधीचे निघाले. कारण असं की एक ट्रिप संपत आली की पुढची रिक्वेस्ट स्क्रीनवर येते, खाली टायमर पळत असतो, बोट तिकडे जातं, नजर पण जाते, आणि तेवढ्यात पुढची गाडी स्लो होते. म्हणजे धोका रस्त्यात कमी आणि रिक्वेस्ट येण्याच्या वेळेत जास्त. तेव्हापासून चालत्या गाडीत रिक्वेस्टला हातच लावत नाही, गेली तर गेली, ड्रॉप करून गाडी कडेला घेतो मग बघतो. ठिपके खरंच कमी झाले आणि कमाईत म्हणावा तसा फरक पडला नाही.

दुसरं म्हणजे थकवा. कंपनी ठराविक तासांनी लॉगआउट करते पण ती फक्त स्वतःचे तास मोजते, दोन-तीन ॲपवर काम करणाऱ्याला त्याचा काय उपयोग, हे ॲप सगळे तास एकत्र मोजतं. तरी एक कमी आहेच, ते गाडी चालवल्याचे तास मोजतं, जागे असल्याचे नाही. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा वागतो हे १९९७ पासून माहीत आहे. ताशी ६० च्या स्पीडला तीन सेकंद डोळा लागला तर गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते, कोणाच्या तरी अंगावर. माझ्या डेटात शिफ्टच्या शेवटच्या तासात ब्रेक वाढतात आणि कमाई पण घसरते, म्हणून टार्गेट अर्धवट राहिलं तरी आता घरी जातो.

त्रास पण आहेत. होल्डर ढिला असेल तर खड्डा पण ब्रेक म्हणून मोजला जातो. बॅटरी सेव्हर चालू राहिला तर ॲप मधेच बंद पडतं, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन त्याला सूट द्यावी लागते. आणि समोर अचानक लहान मूल आलं म्हणून दाबलेला ब्रेक सुद्धा ॲपने गाडी चालवण्याला दिलेला स्कोअर खाली आणतो, जिथे खरं तर शाबासकी पाहिजे. म्हणूनच हा स्कोअर विमा कंपनीकडे किंवा काम देणाऱ्या कंपनीकडे जाऊ नये असं मला अगदी मनापासून वाटतं. शेअरिंगचा ऑप्शन आधीपासून चालू असतो, इन्स्टॉल केल्या केल्या तो पहिला बंद करा.

कंपनीकडे आपला जो डेटा असतो तो पण आपल्याला मिळाला पाहिजे. ॲमस्टरडॅमच्या अपील कोर्टाने एप्रिल २०२३ मध्ये उबर आणि ओलाला ड्रायव्हरांचा डेटा नि मशीनने घेतलेल्या निर्णयांची माहिती द्यायला लावली, तशी सोय सगळीकडे हवी. ह्या ॲपमधून निदान स्वतःच्या नोंदींची फाईल डाउनलोड होते, मी दर महिन्याला काढून ठेवतो, आयडी ब्लॉक झाला किंवा पेमेंट कमी आलं तर दाखवायला हातात काहीतरी असतं.