अमेरिकेतला हापूसचा बॉक्स: कधी घ्यावा, कधी सोडावा

एप्रिल लागला की अमेरिकेतल्या इंडियन स्टोअरच्या दारातच हापूसचे पुठ्ठ्याचे बॉक्स रचलेले दिसतात. आत दहा-बारा फळं, वजन साधारण तीन ते साडेतीन किलो. याला पेटी म्हटलेलं कोकणात कुणाला पटणार नाही. तिकडे पेटी म्हणजे चार-पाच डझनांचा खोका. किंमत 40 ते 60 डॉलरच्या दरम्यान, म्हणजे एक आंबा चार-पाच डॉलरला पडतो.

आधीच सांगून टाकतो: एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, आणि माल कोणत्या तारखेला विमानातून उतरला हे सांगणारा विक्रेता असेल, तरच हापूस घ्यावा. एरवी केशर आंबा. आमरसाची पंगत असेल तर सरळ आंब्याच्या रसाचा डबा फोडावा.

हे पैसे नेमके कशाचे, ते एकदा समजून घेतलेलं बरं. फळावर कीड येईल या कारणाने 1989 पासून अमेरिकेने भारतीय आंब्याला दार बंद केलं होतं. ते 2007 च्या एप्रिलमध्ये उघडलं, आणि त्याच सुमारास भारताने हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या मोटरसायकली आयात करायची वाट मोकळी केली. आंब्याच्या बदल्यात फटफटी, असा तो सौदा. मुख्य अट खर्चिक: प्रत्येक बॉक्सवर किमान 400 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) एवढा किरणोत्सर्गाचा मारा. कोयीतला भुंगा आणि फळमाशी यांची पैदास त्यामुळे थांबते. सुरुवात लासलगावच्या केंद्रात झाली (हो, कांद्याचं तेच लासलगाव), पुढे वाशीत राज्याच्या कृषी पणन मंडळाची सोय झाली. ही प्रक्रिया अमेरिकी निरीक्षकासमोरच व्हावी लागते. कोविडमध्ये निरीक्षक येऊ शकले नाहीत, म्हणून 2020 आणि 2021 ही दोन्ही वर्षं निर्यात ठप्प होती. 2025 च्या मे महिन्यात तर कागदपत्रांत त्रुटी दाखवून पंधरा खेपा अमेरिकेच्या विमानतळांवरून नाकारल्या गेल्या. परत पाठवायचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून आंबा तिथेच नष्ट केला. ही सगळी जोखीम तुमच्या बॉक्सच्या किमतीत आहे, आणि विमानभाडं वेगळं. फळ पिकवणाऱ्याच्या हाती यातलं किती पडतं, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

किरणोत्सर्गाने आंबा किरणोत्सर्गी होत नाही, ती भीती सोडून द्या. बॉक्सवर गोलातल्या पानाचं हिरवं चिन्ह आणि प्रक्रिया केल्याची ओळ असायलाच हवी. नसेल तर माल कोणत्या वाटेने आला हे विचारा. परिणाम होतो तो पिकण्यावर. फळ सावकाश पिकतं, रंग सगळीकडे सारखा येत नाही, सालीवर बारीक तपकिरी ठिपके उमटतात. आतला गर पिकून तयार असताना बाहेरून देठाजवळ हिरवं राहिलेलं फळ या बॉक्समध्ये नेहमीचं. त्यामुळे इथे रंग बघून आंबा कापू नये. देठाजवळचा वास आणि अंगठ्याखालचा मऊपणा, एवढंच खरं.

युरोपचा मार्ग वेगळा. 2014 च्या मेमध्ये युरोपीय संघाने फळमाशीमुळे बंदी घातली होती, ती 2015 मध्ये उठली; आता तिकडे जाणारा आंबा 48 अंशांच्या पाण्यात तासभर बुडवून काढावा लागतो. जपानला वाफेची प्रक्रिया लागते. एकाच झाडाची फळं, पण कुठल्या देशात जाणार यावर त्यांचं नशीब ठरतं.

आता बिघडतं काय ते. पहिला दोष साका. बाहेरून फळ देखणं, कापलं की कोयीभोवती पांढुरका, आंबूस, स्पंजासारखा गर. हा हापूसचा अंगचाच रोग आहे. जमिनीतून परतणारी उष्णता आणि झाडावरच कोय रुजू लागणं, अशी कारणं सांगितली जातात. म्हणून जाणते बागायतदार फळ पूर्ण पिकायची वाट न बघता चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार झालं की देठासकट झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) उतरवतात आणि सावलीत ठेवतात. साका विक्रेत्याला बाहेरून ओळखता येत नाही, तेव्हा डझनात एखादं फळ तसं निघालं तर भांडण्यात अर्थ नाही. तीन निघाली तर मात्र फोटो काढून पैसे मागावेत.

दुसरा दोष आपल्या घरचा. अर्धकच्चं फळ फ्रिजमध्ये गेलं की संपलं. बारा-तेरा अंशांखाली हापूसला थंडी बाधते: साल काळवंडते, आणि नंतर कितीही दिवस बाहेर ठेवलं तरी फळ सुरकुततं, पिकत नाही. काही दुकानं बॉक्स शीतगृहातून काढून देतात. हात लावून बघा. थंडगार लागला तर तो नको.

घरी आणल्यावर बॉक्स लगेच उघडावा आणि फोमची जाळी काढावी. चीक लागून काळं पडलेलं किंवा देठाशी मऊ झालेलं फळ वेगळं करून आधी संपवावं. बाकीची पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदावर, एकावर एक न ठेवता, एकाच थरात मांडावीत. पंचवीसच्या आसपास तापमान हवं. न्यू जर्सीतल्या एप्रिलमधल्या घरात ते मिळत नाही, म्हणून बंद कपाट किंवा आत फक्त दिवा चालू ठेवलेला ओव्हन वापरावा. पण तिथे थर्मामीटर ठेवा, तीस ओलांडू देऊ नका. एक पिकलं केळं शेजारी ठेवलं तर काम लवकर होतं. रोज एकदा वास घ्यावा. तीन ते पाच दिवसांत फळं तयार होतात, सगळी एकदम नाही. सालीला किंचित सुरकुती आली की गोडी चढलेली असते. त्यानंतरच फ्रिज, तोही दोन-तीन दिवस. खाण्याआधी अर्धा तास पाण्यात टाका.

बॉक्सवर ‘प्रॉडक्ट ऑफ इंडिया’ एवढंच असेल तर तो देवगड-रत्नागिरीचाच, असं समजू नये. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांसाठी. कर्नाटकचा हापूसही बाजारात असतोच. त्याची साल जाड आणि गर पिवळट. कोकणच्या फळाची साल पातळ, गर केशरी. दर एकच असेल तर फसगत तुमची.

हापूस मुळात कुठला, या वादात पडायचंच तर ‘अल्फान्सो’ या नावातच पोर्तुगीज सेनापती आफोन्सो द आल्बुकर्क बसलाय आणि कलमाची कलाही त्यांनीच इथे आणली असं मानतात. आता कोकणातून नेलेल्या कलमांचा मलावीतला हापूस नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या बाजारात उतरतो. दक्षिण गोलार्धातला हंगाम, इतकंच त्याचं रहस्य. दिसायला चांगला, वासाला उणा, आणि दर ऐन हंगामातल्या देवगडपेक्षा चढा. हौसेपुरता ठीक.

हापूसऐवजी काय? केशर प्रवासात जास्त टिकतो, त्यात साक्याची भीती नाही आणि बॉक्स सहसा काही डॉलरने स्वस्त असतो. मेक्सिकोचा आताउल्फो, म्हणजे दुकानातला ‘हनी मँगो’, आंबट-गोड आणि बिनरेषांचा; फोडी करून खायला छान, आमरसाला नाही. लाल-हिरवा टॉमी अ‍ॅटकिन्स वाहतुकीत टिकतो म्हणून जगभर पसरला, चवीमुळे नाही. लोणच्यालाही घेऊ नये.

डब्याचा रस घेताना घटकांची यादी वाचा. ‘स्वीटन्ड’ असेल तर साखर मुळीच घालू नका. 850 ग्रॅमच्या डब्यात पाऊण वाटी थंड दूध, चिमूटभर मीठ, थोडी वेलची. पाच-सहा जणांना पुरतं. उरलेला रस डब्यात ठेवू नये, काचेच्या भांड्यात काढून चार दिवसांत संपवावा.