बर्न्स वॉर्डमध्ये घेतलेला डाव्या अंगठ्याचा ठसा

माझा धाकटा भाऊ रायगड जिल्ह्यातील एका रसायन कारखान्यात ठेकेदाराकडे पाइप फिटर होता. ११ मार्च २०२२ रोजी थर्मिक ऑइलच्या (उष्णता वाहून नेणाऱ्या तेलाच्या) वाहिनीच्या सांध्यातले गॅस्केट फुटले आणि तापलेल्या तेलाचा फवारा त्याची मान, छाती आणि उजव्या हातावर आला. हे तेल पाण्यासारखे शंभर अंशांवर उकळून जात नाही. अडीचशे अंशांच्या पुढेही ते द्रवरूपच राहते आणि कपड्याला धरून बसते, त्यामुळे अंगातला शर्ट ओढून काढेपर्यंत व्हायचे ते होऊन गेले होते. कागदोपत्री तो ३८ टक्के भाजला होता. तो ६४ दिवस रुग्णालयात होता, मांडीची कातडी काढून छातीवर व हातावर लावण्याच्या तीन शस्त्रक्रिया झाल्या, आणि तो घरी आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची बोटे तळव्याकडे आखडलेली होती. त्या दिवशी कारखान्यात काय चुकले, ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या अहवालात नोंदलेले आहे. पुढे आमची जी फसवणूक झाली ती कोठेच नोंदलेली नाही, म्हणून ती येथे लिहीत आहे.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. हे मुद्दाम सांगते, कारण असे प्रकार अडाणी माणसांच्या बाबतीत घडतात अशी माझीही समजूत होती.

ठेकेदाराने पहिल्या चार दिवसांची अनामत भरली आणि नंतर त्याचा फोन लागेनासा झाला. अकराव्या की बाराव्या दिवशी वॉर्डाबाहेरच्या बाकावर वहिनी आणि मी बसलो असताना एक गृहस्थ आमच्याशेजारी येऊन बसले. वय पन्नाशीचे, पांढरा शर्ट, काखेत कापडी फाइल. त्यांना भावाचे नाव, खाट क्रमांक आणि ठेकेदाराचे नावसुद्धा ठाऊक होते. ही माहिती त्यांना कोणी दिली हा प्रश्न त्या क्षणी माझ्या मनात यायला हवा होता. पण उलट, एवढी माहिती असलेला माणूस भेटला याचाच मला आधार वाटला. ते स्वतःला वकील म्हणवत नसत, 'कामगार सल्लागार' म्हणत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनीसाठी घरून डबा आणला. रात्री औषध मिळेना तेव्हा ते स्वतः शोधून घेऊन आले. ही मदत खरी होती, आणि आमचा विश्वास तिच्यावरच बसला.

तिसऱ्या भेटीत त्यांनी सांगितले, "बाई, तुम्ही एक पैसा काढू नका. पन्नास लाखांची केस आहे. मिळाले की वीस टक्के माझे, नाही मिळाले तर काही नाही." पन्नास लाख हा आकडा ऐकून आमचे डोके चालेनासे झाले हे कबूल केले पाहिजे. त्याच दिवशी त्यांनी दोन कोरी वकीलपत्रे आणि शंभर रुपयांचे पाच कोरे मुद्रांक पुढे केले. भावाचा उजवा हात बँडेजमध्ये होता, म्हणून शाईचा पॅड आणून त्याच्या डाव्या अंगठ्याचे ठसे घेतले गेले. त्या दोन हातांपैकी तेवढाच एक अंगठा उघडा होता. त्याला वेदनाशामक इंजेक्शन दिलेले होते आणि आपण कशावर ठसा देत आहोत हे त्याला कळत नव्हते. पॅड मी धरला होता. जाताना त्या गृहस्थांनी अपघाताच्या पहिल्या कागदांसह औषधांची तोपर्यंतची सर्व मूळ बिले 'कोर्टात ओरिजिनल लागतात' असे सांगून नेली, आणि पुढची बिलेही दर आठवड्याला ते नेत राहिले.

त्यानंतरची दीड वर्षे मी थोडक्यात सांगते. जुलै २०२२ मध्ये एक लाख आणि नोव्हेंबरमध्ये पन्नास हजार रुपये त्यांनी रोख आणून दिले व ही 'कोर्टाने मंजूर केलेली अंतरिम रक्कम' असल्याचे सांगितले. त्यातून आपले वीस टक्के, म्हणजे तीस हजार, त्यांनी तेथेच मोजून घेतले. मग कोर्ट फीसाठी १८ हजार, वैद्यकीय तपासणीसाठी १२ हजार आणि 'साहेबांसाठी' २५ हजार असे आमच्याकडून गेले. शेवटचे २५ हजार कशासाठी आहेत हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. ते देताना मला लाज वाटली, पण मी दिले. आणि त्यामुळेच पुढे कित्येक महिने कोणाला विचारायला जाण्याचे धैर्य मला झाले नाही. आपल्याकडून एक गैर गोष्ट करवून घेतली की आपले तोंड बंद होते, हे त्या माणसाला माझ्यापेक्षा चांगले माहीत असावे. तारखेविषयी विचारले की 'साहेब रजेवर', 'समोरचा वकील आला नाही', 'पुढची तारीख पडली' ही उत्तरे ठरलेली असत. एका कागदावर त्यांनी केस क्रमांक लिहून दिला होता आणि तो मी देवघरात जपून ठेवला होता.

जानेवारी २०२४ मध्ये शाळेतील एका सहकाऱ्याच्या मुलाने तो क्रमांक न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर टाकून पाहिला. त्या क्रमांकाचे प्रकरण दुसऱ्याच जिल्ह्यातील मोटार अपघाताचे होते आणि ते केव्हाच निकाली निघाले होते. मग त्याने भावाच्या नावाने शोध घेतला. काहीच सापडले नाही. न्यायालयात दाखल झालेल्या प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो आणि त्यावरून पुढची तारीख व आधीचे आदेश घरबसल्या दिसतात, हे मला त्या दिवशी समजले. पंधरा मिनिटांचे काम आम्ही दीड वर्ष केले नव्हते.

याहून मोठा धक्का अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बसला. तेथील वकील बाईंनी पहिलाच प्रश्न अपघाताच्या तारखेचा विचारला. नोव्हेंबर २०२५ पर्यंत अमलात असलेल्या आणि आमच्या प्रकरणाला लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याप्रमाणे दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत, असे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांसमोर दाखल करावा लागत असे. सबळ कारण दाखविल्यास उशीर माफ होऊ शकत असे, पण ते आयुक्तांच्या समाधानावर अवलंबून असे. आमच्या हातात जेमतेम सहा आठवडे उरले होते. त्या गृहस्थांचा 'पुढची तारीख पडली' हा घोष आणखी दीड-दोन महिने मी ऐकून घेतला असता तर ठेकेदाराच्या हाती एक आयता बचाव पडला असता. तो त्यांनी त्याच्यासाठीच राखून ठेवला होता का, हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही. संशय मात्र आहे.

त्याच बैठकीत मला कळले की ज्या कामासाठी आम्ही वीस टक्के कबूल केले होते त्यासाठी आम्हाला वकील विनामूल्य मिळणार होता. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात औद्योगिक कामगार, स्त्रिया आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत विधी सहाय्याचा हक्क आहे, आणि १५१०० या क्रमांकावर नुसता फोन करूनही चौकशी करता येते. शिवाय निकालावर अवलंबून फी ठरविणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा मागणे हे वकिलांचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला करताच येत नाही. म्हणजे 'वीस टक्के' हा शब्द ऐकताच समोरचा माणूस एक तर वकील नाही किंवा नियम मोडणारा वकील आहे, एवढे तरी ओळखता आले असते.

पन्नास लाखांचे गणितही तेथेच सुटले. पूर्ण कायम अपंगत्व आल्यास मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे, अशी या कायद्यात भरपाईची पद्धत होती. भावाचे वेतन साडेबावीस हजार होते, म्हणजे २१ हजारांच्या मर्यादेहून जास्त असल्यामुळे त्याला राज्य कामगार विमा लागू नव्हता. पण या हिशेबासाठी वेतन जास्तीत जास्त १५ हजारच धरले जात असे. पस्तीस वर्षे वयाचा गुणक १९७.०६ आहे. नऊ हजारांना त्याने गुणले की १७,७३,५४० रुपये होतात, आणि अपंगत्व अंशतः असेल तर कमाईची क्षमता जितकी टक्के घटली तितका त्यातील भाग मिळतो. पन्नास लाख या कायद्याने मिळण्याची शक्यताच नव्हती. ज्याला हे साधे गणित ठाऊक आहे त्याला कोणी मोठा आकडा दाखवून भुलवू शकत नाही, म्हणून ते इतक्या तपशिलात लिहिले.

आणखी एका टक्केवारीने आम्हाला चकविले होते. ३८ टक्के भाजला म्हणजे ३८ टक्के अपंगत्व, असे ते गृहस्थ सांगत आणि आम्हीही तसेच धरून चाललो होतो. भाजल्याची टक्केवारी ही त्वचेच्या क्षेत्रफळाची असते. संपूर्ण हात ९ टक्के, छाती व पोट मिळून १८ टक्के, अशी ती मोजतात. छातीवरचा मोठा व्रण कामाच्या आड फारसा येत नाही, पण तळहातावरचा लहानसा व्रण आकसला तर पाना धरता येत नाही. वकील बाईंनी सत्तरच्या दशकातील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचा दाखला दिला. डावा हात कोपराच्या वरून कापावा लागलेल्या एका सुताराची कमाईची क्षमता त्यात शंभर टक्के गेली असे धरले होते, कारण सुतारकाम एका हाताने होत नाही. भावाला शासकीय रुग्णालयात ४२ टक्के कायम अपंगत्वाचा दाखला मिळाला. कमाईची क्षमता किती गेली यावर मात्र डॉक्टरांची स्वतंत्र साक्ष झाली.

२६ फेब्रुवारी २०२४ रोजी अर्ज दाखल झाला, मुदतीच्या दोन आठवडे आधी. ठेकेदारासोबत कारखान्याच्या मालकालाही प्रतिवादी केले, कारण ठेकेदाराच्या कामगाराची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावरही येते. ठेकेदाराने जबाबासोबत जो कागद हजर केला तो पाहून वहिनी न्यायालयातच खाली बसली. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर समजुतीचा करारनामा होता. भावाने ३,५०,००० रुपये रोख घेऊन आपले सर्व हक्क सोडले असून यापुढे त्याची काहीही मागणी नाही, असे त्यात लिहिले होते आणि खाली डाव्या अंगठ्याचा ठसा होता. 'अंतरिम रक्कम' कोठून आली होती ते तेव्हा उलगडले. साडेतीन लाखांपैकी आमच्या हाती दीड लाख आले, त्यातून तीस हजार आणि पंचावन्न हजार परत गेले. घरात राहिले ६५ हजार.

आपले सगळे संपले असे मला वाटले होते, पण ते खरे नव्हते. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कामगाराने केला तरी तो या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे निरर्थक ठरत असे. तडजोडीची रक्कम ठरली असेल तर तिचे निवेदन आयुक्तांकडे नोंदवावे लागे, आणि ते न नोंदविल्यास मालकाची पूर्ण रकमेची जबाबदारी कायम राहत असे. इतकेच नव्हे, तर आयुक्तांनी वेगळा आदेश दिल्याखेरीज आधी दिलेल्या रकमेच्या निम्म्याहून अधिक भरपाईतून वळती करून घेता येत नसे. हा कायदा लागू असताना ज्यांनी घाईत अशा कागदावर सही केली आहे त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे, कारण 'तुम्ही सही केली आहे, आता काही होणार नाही' हेच त्यांना सर्वत्र ऐकविले जाते.

सप्टेंबर २०२५ मध्ये निकाल लागला. कमाईच्या क्षमतेत ६० टक्के घट धरून १०,६४,१२४ रुपये आणि त्यावर १२ टक्के व्याज मंजूर झाले. साडेतीन लाखांपैकी १,७५,००० रुपयेच वळती झाले. त्या गृहस्थांविरुद्ध एप्रिल २०२४ मध्ये आम्ही फसवणूक व विश्वासघाताची तक्रार नोंदविली आहे. उरलेले कोरे मुद्रांक त्यांच्याकडून अद्याप मिळालेले नाहीत, म्हणून त्यांचे वर्णन तक्रारीत स्वतंत्र नोंदवून घेतले.

एक नुकसान मात्र भरून आले नाही. उपचाराचा प्रत्यक्ष झालेला खर्च मालकाने द्यावा अशी तरतूद या कायद्यात होती, आणि आमचा औषधे, ड्रेसिंग व व्रण दाबून ठेवणारे घट्ट कपडे यांचा खर्च २,१४,००० रुपयांच्या घरात होता. ती सर्व मूळ बिले त्या कापडी फाइलमध्ये गेली. रुग्णालयासमोरच्या औषध दुकानदाराने संगणकातून जेवढी निघाली तेवढी दुय्यम बिले काढून दिली. ती ६८,००० रुपयांची भरली आणि तेवढीच रक्कम मंजूर झाली.